मोबाईलवर मराठी टाइप करताना कीडाऊन फक्त २२९ देतो, शोधपेटी गप्प बसते: कारणं आणि उपाय

तक्रार साधारण अशी येते. शोधपेटीत अक्षर पडलं की खाली सूचना दिसाव्यात असं पान आहे. लॅपटॉपवर झकास चालतं. अँड्रॉइड फोनवर मराठी कीबोर्ड लावला की सूचना येतच नाहीत, किंवा स्पेस दाबेपर्यंत काही हलत नाही. कधी याच पानावर ‘फक्त अंक’ असं बंधन घातलेल्या रकान्यात अक्षरंही बिनदिक्कत घुसतात, आणि तिकडे संगणकावर बसलेल्या माणसाला 0-9 ऐवजी देवनागरी अंक टाकले म्हणून एक अंकही टाकता येत नाही. चॅटच्या चौकटीत एंटर दाबला की अर्धा शब्द पाठवला जातो. चारही तक्रारी वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या दिवशी येतात, म्हणून चार वेगळे बग नोंदवले जातात आणि चार ठिकाणी ठिगळं लागतात. मूळ मात्र एकच असतं: कोड मजकुराऐवजी कळांवर लक्ष ठेवून बसलेला असतो.

आधी एक सापळा सांगतो, कारण निम्मा वेळ तिथेच जातो. डेव्हलपर टूल्समध्ये वरचं फोनचं चिन्ह दाबून पान मोबाईलच्या आकारात पाहिलं तर ही अडचण कधीच दिसणार नाही. तिथे पडद्याचा आकार आणि स्पर्शाचं सोंग मिळतं, कीबोर्ड लॅपटॉपचाच राहतो. खरा फोन हवा. यूएसबी डिबगिंग चालू करून केबल जोडली की संगणकावरच्या क्रोममधल्या इन्स्पेक्ट पानावरून फोनच्या टॅबचा कन्सोल दिसतो. केबल नसेल तर पानावरच एक रिकामी चौकट ठेवून नोंदी तिच्यात छापा. तेवढं पुरतं.

नोंदी कशाच्या? एका साध्या इनपुटला कीडाऊन (कळ दाबली), कीप्रेस (कळीतून अक्षर निघालं), बिफोरइनपुट (मजकूर बदलणार), इनपुट (मजकूर बदलला), कीअप (कळ सुटली) आणि तिन्ही कंपोझिशनचे, म्हणजे पक्का न झालेल्या कच्च्या शब्दाचे, इव्हेंट (स्टार्ट, अपडेट, एंड) असे लिसनर लावा. प्रत्येकात इव्हेंटचं नाव, की, कोड (कळीची जागा), कीकोड (कळीचा जुना आकडा), इजकंपोझिंग (कंपोझिशन चालू आहे का), इनपुटटाइप (बदलाचा प्रकार), डेटा आणि त्या क्षणीची रकान्याची व्हॅल्यू छापा. मग ‘मराठी’ हा शब्द दोन प्रकारे टाइप करून बघा.

विंडोजवर इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी) लेआउट लावून ‘म’ टाकला की असं दिसतं:

कीडाऊन: की म, कोड कीसी, कीकोड ६७
कीप्रेस: की म
बिफोरइनपुट: इन्सर्टटेक्स्ट, डेटा म
इनपुट: इन्सर्टटेक्स्ट, डेटा म, व्हॅल्यू म
कीअप: की म, कोड कीसी, कीकोड ६७

सरळ मामला. इनस्क्रिप्टमध्ये ‘म’ इंग्रजी सी च्या कळीवर आहे, एक कळ दाबली की एक युनिकोड चिन्ह पडतं, मध्ये कोणी दलाल नाही. कंपोझिशनचा एकही इव्हेंट नाही.

आता सूचना चालू असलेला अँड्रॉइडचा कीबोर्ड. पहिलं अक्षर:

कीडाऊन: की अनआयडेंटिफाइड, कोड रिकामा, कीकोड २२९
कंपोझिशनस्टार्ट
बिफोरइनपुट: इन्सर्टकंपोझिशनटेक्स्ट, डेटा म
कंपोझिशनअपडेट: डेटा म
इनपुट: इन्सर्टकंपोझिशनटेक्स्ट, डेटा म, व्हॅल्यू म
कीअप: की अनआयडेंटिफाइड, कीकोड २२९

कीप्रेस कुठे गेला? आलाच नाही. आणि दुसऱ्या अक्षराला डेटा ‘र’ येत नाही, ‘मर’ येतो. मग ‘मरा’, ‘मराठ’, ‘मराठी’. म्हणजे डेटामध्ये नवं अक्षर नसतं, आतापर्यंतचा अख्खा कच्चा शब्द असतो. इनपुटच्या डेटाला जोडत जोडत स्वतःची स्ट्रिंग बनवणारा कोड इथे ‘ममरमरामराठमराठी’ असं काहीतरी तयार करतो. असलं अगम्य शोधवाक्य सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसलं, तर कोडमध्ये नेमकं काय शोधायचं ते कळलं.

२२९ आला कुठून

विंडोजमध्ये ‘ही कळ इनपुट मेथड (कळांवरून मजकूर बनवणारा प्रोग्रॅम) हाताळते आहे, तुम्ही लक्ष घालू नका’ असं सांगणारा व्हर्च्युअल की कोड आहे, प्रोसेसकी. त्याची किंमत २२९. चिनी, जपानी लिपींच्या इनपुट मेथडसाठी तो होता आणि ब्राउझरांनी तोच आकडा पुढे चालवला.

अँड्रॉइडवर तर कळ नावाची वस्तूच बहुतेक वेळा नसते. पडद्यावरचा कीबोर्ड हा स्वतंत्र ॲप आहे. तो ब्राउझरला ‘अमुक कळ दाबली’ असं सांगत नाही, ‘या रकान्यातला चालू शब्द आता असा कर’ असं सांगतो. बोटाने एका अक्षरावरून दुसऱ्यावर ओढून लिहिलं, सूचनांमधला शब्द निवडला, बोलून मजकूर टाकला, तरी त्याच्या लेखी गोष्ट तीच. यात कुठली कळ सांगणार? पण जुनी पानं कीडाऊनची वाट बघत बसलेली असतात, म्हणून क्रोम नावापुरता एक कीडाऊन उडवतो आणि त्यात २२९ भरतो. तो आकडा वाचून कुठलं अक्षर होतं ते शोधायचा प्रयत्न करू नका. ती माहिती तिथे नाहीच.

हे फक्त मराठीचं दुखणं नाही. सूचना चालू असतील तर इंग्रजी लिहितानाही अँड्रॉइडवर असंच होतं. मराठीत ते लवकर उघडं पडतं इतकंच, कारण मराठी लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण एकतर फोनवर लिहितात किंवा संगणकावर फोनेटिक (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहून मराठी करणारा कीबोर्ड) वापरतात. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीसह दहा भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्ड सिस्टीममध्येच आले. त्यामुळे ‘संगणकावर तरी कंपोझिशन नसतं’ हेही गृहीत धरता येत नाही.

शोधपेटीचा उपाय

कीअप आणि कीप्रेस काढून टाका, इनपुट लावा. इनपुटमध्ये डेटाकडे न बघता रकान्याची व्हॅल्यू वाचा. मागच्या वेळची व्हॅल्यू जपून ठेवा आणि बदल नसेल तर परत फिरा. २५० ते ३०० मिलिसेकंद थांबून विनंती पाठवा, आणि नवी विनंती निघताना जुनी ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करा. नाहीतर ‘मरा’ची उत्तरं ‘मराठी’च्या उत्तरांनंतर येऊन त्यांच्यावर बसतात. पेस्ट, बोलून टाकलेला मजकूर, आपोआप भरलेला पत्ता, ड्रॅग करून सोडलेलं वाक्य, सगळ्यांना इनपुट येतो. कीअपला यातलं काही ठाऊक नसतं.

इथवर बहुतेकजण पोचतात. खरा प्रश्न पुढचा आहे: कंपोझिशन चालू असताना शोध घ्यायचा की थांबायचं?

नेटवर मिळणारा सल्ला बहुधा ‘इजकंपोझिंग खरं असेल तर परत फिरा, कंपोझिशनएंडला काम करा’ असा असतो. तो जपानी, चिनीसाठी योग्य आहे, कारण तिथे कच्चा मजकूर हा खरा मजकूर नसतो. मराठीला तो जसाच्या तसा लावू नका. फोनवर थेट देवनागरी कळांनी लिहिणाऱ्याचा कच्चा शब्द हाच त्याचा शब्द असतो. कंपोझिशन संपतं ते स्पेस दिल्यावर किंवा रकाना सोडल्यावर. तोवर थांबलात तर ‘टाइप करता करता सूचना’ या सोयीला काही अर्थ उरत नाही. ‘स्पेस दाबेपर्यंत काही हलत नाही’ ही जी तक्रार आहे, ती बहुतेक वेळा असा सल्ला पाळल्यामुळेच उद्भवलेली असते.

फ्रेमवर्क वापरत असाल तर हा सल्ला तुमच्या नकळत पाळला गेलेला असू शकतो. व्ह्यूचा व्ही-मॉडेल कंपोझिशन चालू असताना किंमत पुढे सरकवत नाही. तसं त्यांच्या दस्तऐवजात लिहिलेलंही आहे, आणि त्यावरचा तोडगाही: व्ही-मॉडेल सोडा, व्हॅल्यू स्वतः बांधा आणि इनपुटचा लिसनर स्वतः लावा. अँग्युलरचे फॉर्मही कंपोझिशन संपेपर्यंत थांबतात, पण अँड्रॉइड दिसला की थांबत नाहीत. मला ही निवड जास्त शहाणपणाची वाटते. रिॲक्टचा ऑनचेंज मुळात इनपुटवरच बसलेला आहे, त्यामुळे तिथे ही विशिष्ट अडचण येत नाही.

रोमन अक्षरांत लिहून मराठी करणारे कीबोर्ड हा मधला प्रकार. त्यातले काही शब्द पुरा होईपर्यंत रकान्यात रोमन अक्षरंच दाखवतात आणि स्पेसनंतर त्यांची देवनागरी होते. तुमची माहिती फक्त मराठीत असेल तर एक छोटी अट पुरते: इजकंपोझिंग खरं आहे आणि व्हॅल्यूत देवनागरीचं एकही चिन्ह नाही, तर ही फेरी सोडून द्या. कंपोझिशनएंडला मात्र तेच काम पुन्हा चालवा. क्रोममध्ये शेवटचा इनपुट कंपोझिशनएंडच्या आधी येतो, त्यामुळे एकट्या इनपुटवर विसंबलात तर शेवटचा पक्का शब्द निसटू शकतो. फायरफॉक्समध्ये इनपुट नंतर येतो आणि काम दोनदा होतं. मागच्या व्हॅल्यूशी तुलना ठेवलेली असल्याने दुसरी फेरी आपोआप गळते.

आणि एक पथ्य. कंपोझिशन चालू असताना रकान्याच्या व्हॅल्यूत हात घालू नका. नको असलेली अक्षरं पुसणं, पुढच्यामागच्या जागा छाटणं, मध्ये मोकळ्या जागा पाडणं, काहीच नाही. कीबोर्ड ॲपच्या मनात एक शब्द आणि रकान्यात दुसराच, अशी अवस्था झाली की अक्षरं दुप्पट होतात, कर्सर शेवटाला उडी मारतो किंवा पुढची मात्रा भलत्याच अक्षराला लागते. बिफोरइनपुटमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरची नेहमीची कृती रोखणं) करून अडवू म्हणाल, तर इन्सर्टकंपोझिशनटेक्स्ट प्रकाराचा बदल रद्द करता येत नाही. रिॲक्टमध्ये व्हॅल्यू बांधलेला रकाना असेल आणि ऑनचेंजमध्येच मजकूर गाळून परत ठेवत असाल, तर हेच तुम्ही करता आहात. साफसफाई ब्लरला (रकाना सोडल्यावर) करा किंवा पाठवताना.

एंटर

कीडाऊनमध्ये की एंटर दिसली की संदेश पाठवा, असं लिहिलेलं असतं. फोनेटिक कीबोर्डवर समोर शब्दांची यादी उघडी असताना एंटरचा अर्थ ‘हा शब्द घे’ असा असतो. म्हणून आधी इजकंपोझिंग तपासायचं. सफारीत एवढ्याने भागत नाही. तिथे कंपोझिशनएंड आधी येतो आणि त्याच एंटरचा कीडाऊन नंतर, त्यामुळे इजकंपोझिंग खोटं मिळतं. कीकोड मात्र २२९च राहतो. तेव्हा अट अशी लिहा: इजकंपोझिंग खरं असेल किंवा कीकोड २२९ असेल तर काही करू नका. कीकोड कालबाह्य ठरवलेला आहे आणि संपादक त्यावर रेघ मारून दाखवेल. या एका जागी ती रेघ सहन करा आणि बाजूला टीप लिहून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी ‘जुना कोड’ म्हणून ती ओळ उडवेल.

एका ओळीचा रकाना असेल तर एंटर पकडायचीच गरज नाही. फॉर्म लावा आणि सबमिट ऐका. फोनच्या कीबोर्डवरचं ‘जा’ किंवा ‘शोधा’चं बटण, बाहेरचा कीबोर्ड, बटणावरचा स्पर्श, सगळं तिथे येऊन मिळतं. फक्त ध्यानात ठेवा, फॉर्ममध्ये एकापेक्षा जास्त मजकुराचे रकाने असतील आणि सबमिट बटण नसेल, तर एंटरने फॉर्म जात नाही. ते नियमातच आहे, बग नव्हे. कीबोर्डवर कुठलं बटण दिसावं हे एंटरकीहिंट या गुणधर्माने सांगता येतं: सर्च, सेंड, नेक्स्ट, डन वगैरे.

अंकांचा रकाना

वर्षानुवर्षं एका पानावरून दुसऱ्या पानावर उचलला जाणारा तो तुकडा तुम्हीही पाहिला असेल: कीप्रेसमध्ये चारकोड (अक्षराचा क्रमांक) ४८ ते ५७, म्हणजे साधे दहा अंक, असेल तरच पुढे जाऊ द्या. अँड्रॉइडवर कंपोझिशन असताना कीप्रेस येत नाही, म्हणून तिथे काहीही घुसतं. संगणकावर देवनागरी अंक दाबणाऱ्याला काहीच टाकता येत नाही, आणि का येत नाही हेही कळत नाही, कारण रकाना नुसता मुका राहतो. पेस्ट केलेला मजकूर तर या पहारेकऱ्याला दिसतही नाही.

इनपुटमोड न्यूमरिक द्या, म्हणजे फोनवर अंकांचाच कीबोर्ड उघडतो. प्रकार टेक्स्टच राहू द्या. नंबर प्रकाराच्या रकान्यात ब्राउझरला न पटणारं काही पडलं तर व्हॅल्यू सरळ रिकामी मिळते, म्हणजे माणसाने काहीच लिहिलं नाही की चुकीचं लिहिलं हे नुसत्या व्हॅल्यूवरून तुम्हाला सांगता येत नाही. शिवाय मोबाईल नंबर, पिनकोड, ओटीपी ह्या काही बेरीज-वजाबाकी करायच्या संख्या नव्हेत.

मग देवनागरी अंक स्वीकारा आणि पाठवण्याआधी बदला. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, नवाचा २४१५. साध्या शून्याचा ४८. प्रत्येक अंकातून २३५८ वजा केले की काम झालं. पॅटर्नमध्ये दोन्ही संच लिहा, कारण जावास्क्रिप्टमध्ये अंकांसाठीचा बॅकस्लॅश-डी फक्त साधे दहा अंक ओळखतो. युनिकोडच्या यू झेंड्यासह (फ्लॅग) पी-एनडी हा अंकांचा गुणधर्म वापरलात तर जगातल्या सगळ्या लिप्यांचे अंक चालतील, जे तुम्हाला बहुधा नको आहे. आणि हेच रूपांतर सर्व्हरवरही असू द्या.

इव्हेंट बरोबर, तपासणी चूक

इनपुटवर आल्यानंतरही ‘कृपया नाव मराठीत लिहा’ हा लाल शेरा हटत नसेल तर दोष इव्हेंटचा नाही, रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकूर तपासायच्या साच्याचा) आहे. ‘अ’ ते ‘ह’ असा पल्ला लिहिला की मात्रा बाहेर राहतात, आणि मात्रा नसलेलं नाव मिळणं कठीण. त्याऐवजी यू झेंडा लावून ‘स्क्रिप्ट बरोबर देवनागरी’ हा युनिकोड गुणधर्म वापरा.

त्यातही वऱ्हाडे, कऱ्हाडकर, गोऱ्हे अशी आडनावं अडकतात. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ‘ऱ’ (युनिकोड ०९३१) अधिक हलन्त, दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (२००डी). डोळ्याला दोन्ही सारखेच. पण तो जॉइनर देवनागरी लिपीचा धरला जात नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारे लिहिणारा माणूस आपल्याच आडनावापुढे अडतो. २००सी (त्याचाच जोडीदार नॉन-जॉइनर) आणि २००डी ही दोन्ही चिन्हं तपासणीत वेगळी जोडा. शोधातही हाच घोळ होतो. नॉर्मलाइझ हे फंक्शन एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं रूप) लावून र आणि नुक्त्याचा ‘ऱ’ करतं, पण जॉइनरवाला र त्याच्या यादीत नाही. तो तुम्हालाच बदलून घ्यावा लागतो. ‘ॲ’ हे एकच चिन्ह (०९७२) आणि ‘अ’ला चंद्र जोडून केलेलं रूप, यांचंही तेच: नॉर्मलाइझ त्यांना एक मानत नाही. साठवताना आणि शोधताना एकाच फंक्शनमधून दोन्ही मजकूर गेले तरच जुळतात.

अक्षरमर्यादेचा आकडा दाखवत असाल तर तोही तपासा. ‘क्षितिज’ची लांबी जावास्क्रिप्ट ७ सांगतं, मॅक्सलेंग्थही तेच मोजतं, आणि माणूस मोजतो ३. इंटल-सेगमेंटर (मजकूर डोळ्याला दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारं जावास्क्रिप्टचं साधन) वापरलात तर ३ किंवा ४ मिळेल. जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला, त्याआधीचा ब्राउझर ‘क्ष’ मधून तोडतो. म्हणून दाखवण्यापुरता सेगमेंटर ठीक, अडवण्यासाठी सर्व्हर जे मोजतो तेच मोजा.

शॉर्टकट फक्त मराठी लेआउटवर बंद पडतात

ही तक्रार कमी येते, पण आली की लोक उगाच फोकस तपासत बसतात. पानावर कुठेही तिरकी रेघ दाबली की शोधपेटीत जायचं, कंट्रोल-के दाबलं की यादी उघडायची, असं केलेलं असतं. इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना तिरक्या रेघेच्या कळीवर ‘य’ आहे आणि के च्या कळीवर ‘क’. की या गुणधर्मात तेच येतं, तुलना फसते. इथे कोड वापरा: स्लॅश, कीके. तो कळीची जागा सांगतो, लेआउट कुठलाही असो. ड्वोरॅकसारखा (इंग्रजी अक्षरांची वेगळी मांडणी असलेला) लेआउट वापरणाऱ्याला मात्र कळीवर छापलेलं अक्षर आणि जागा जुळणार नाहीत, म्हणून अट अशी ठेवा: की रोमन अक्षर किंवा साधं चिन्ह देत असेल तर कीवर विश्वास ठेवा, नाहीतर कोड बघा. आणि फोकस लिहिण्याच्या रकान्यात असेल तर एका कळीचे शॉर्टकट पूर्ण सोडून द्या, नाहीतर इनस्क्रिप्टवर कोणी ‘या’ लिहायला गेलं की पहिल्याच अक्षराला कर्सर शोधपेटीत जाईल.